सातवा तुंबा

तमालेच्या भंगारबाजारात, पत्र्याच्या सावलीत
वुनपिनीनं एका जुन्या दाराच्या चौकटीवर मोटर आवळली.
मोडक्या ओपेलचा ब्रेकड्रम वीस सेडीला.
त्यावरून घ्यायचा पट्टा फुकट,
तो आमच्या आजोबांच्या खोगिराचा.
पट्ट्याच्या एका टोकाला मासळीवालीचा ताणकाटा,
दुसऱ्या टोकाला रंगाची रिकामी बादली.
खर्च तिनं भिंतीवर खडूनं मांडला:
चहा धरून त्रेसष्ट.

माझं काम पाणी ओतायचं.
एक तुंबा म्हणजे एक लिटर;
रात्री औषधाच्या बाटलीनं मापून
तिनं आत खिळ्यानं खूण केली होती.

फुसेनीकाका बाकावर कोला चघळत बसलेले.
मोटर त्यांनीच विकलेली.
पाटीवर लिहिलेलं, दोन अश्वशक्ती.
"दात घोड्याचे मोजतात, पोरी.
मोटरचे नाही."

पहिला तुंबा. मोटरला पत्ताच नाही.
दुसरा. तिसरा. आवाज जरा जाड झाला,
झोपेतून उठवलेल्या माणसासारखा.
चौथ्याला काटा थरथरला.
पाचव्याला ड्रमवर शिंपडलेलं पाणी चुरचुरलं
आणि पट्ट्याला वास सुटला
जळक्या चामड्याचा, त्याच्या मागं कुठंतरी घामाचा.
आजोबांचा की घोड्याचा, कोण सांगणार.

सहाव्याला ती म्हणाली, थांब.
सायकलच्या मीटरवरचा आकडा वाचला,
सहातून काट्याचे सव्वा वजा केले,
गुणलं, भागलं,
खडू ओठात धरून पुन्हा गुणलं.
भिंतीवर लिहिलं:
एक. वर चिमूटभर.

काकांचं चघळणं थांबलं.
आईच्या शियाच्या गिरणीला दोन लागतात,
हे तिघांनाही ठाऊक होतं.

"ओत."

सातव्याला मोटर घोगरी झाली, वाकली
(मोटरला कंबर नसते, तरी मी पाहिलं)
आणि थांबली.
बादली हळूच खाली येऊन जमिनीला टेकली,
एक थेंबही न सांडता.
वुनपिनीनं खटका पाडला.
काका कधी उठून गेले, कळलं नाही.

दिवेलागणीला ते आले, हातगाडी ढकलत.
ताडपत्रीखाली तीन मोटरी.
पैशाचं नाव नाही. नजर ड्रमवर.
"यांचेही बघ," म्हणाले.

ती गाडीभोवती एक चक्कर मारून आली,
प्रत्येक पाटीवरून अंगठा फिरवला,
मग मला म्हणाली,
"मोठी बादली शोध."