वाऱ्यासाठी मांजर

एकेचाळीस हजार दोनशे.
आवर्ती ठेव मोडली तेव्हा पोस्टातल्या बाईंनी विचारलं,
लग्न का कुणाचं?
म्हटलं, कॅमेरा.
त्यांनी शिक्का जरा जोरातच मारला.

जुना सात वर्षांचा.
उन्हात त्याचा पडदा काळा पडतो, म्हणून
दिवाळ्याच्या धक्क्याखाली ओहोटीला
ओढणी डोक्यावरून घेऊन मी वाकलेली असते.
पोरं विचारतात, काकी, आत काय?
आत चिखल.
चिखलात निवट्या, टकलावर डोळे आलेल्या,
एखादी पाठीचं शीड उभारून उडी घेते
आणि नेमकी तेव्हाच मी हलते.

वाशीला सतरा सेक्टरच्या गाळ्यात नजीबने
काचेवर तीन मांडले, कोळीण पापलेटं मांडते तसे,
मोठा तोंडावर.
त्याचा सेन्सर मोठा, भिंग मात्र वेगळं घ्यायचं:
नवरदेव स्वस्त, वरात महाग.
दुसरा काडेपेटीएवढा. खाडीत पडला तरी जगेल,
पण लांबचं जवळ आण म्हटलं की हात वर करतो,
निवटी त्याच्या लेखी एक ठिपका.
तिसरा वापरलेला, कुणा लग्नवाल्याचा,
बटणाच्या फटीत अजून हळद.
अडतीस. ताई, तुम्हाला साडेसदतीस.
मे महिन्यात तापून बंद पडतो का हा?
नजीब म्हणाला, मे महिन्यात मीपण पडतो.

गिरीधरने वहीत रकाने आखले.
वजन. बॅटरी. हमी. (हमीपुढे शून्य, आणि शून्याभोवती आणखी एक शून्य.)
मी जुनी चित्रणं टीव्हीवर लावली, दोष मोजायला.
हललेली: नऊ.
आकाश पांढरं पडलेली: सगळीच.
मग पोशा नाखवा आला,
गेल्या कार्तिकातला, गुडघाभर गाळात,
बोटाने दाखवत
कुठल्या चिखलाला काय म्हणतात ते सांगणारा.
ओठ हलताहेत.
आणि वारा. नुसता वारा,
कुणीतरी ताडपत्री झटकत बसलंय कानाशी,
अकरा मिनिटं.
मध्येच एक तुकडा सुटून येतो, "याला आमी"
आणि पुन्हा ताडपत्री.

गिरीधर म्हणाला, चित्र तर स्वच्छ आहे की.
नाखव्याच्या मिशीचे केस मोजता येतात.
येतात.

नजीबने साडेसदतीसचं खोकं बांधूनच ठेवलं होतं.
मी कॉलरचा माइक मागितला.
त्यावर चढवायची केसाळ टोपी,
आमच्या धंद्यात मांजर म्हणतात हिला, तो म्हणाला, पडेल आवाजात.
जड तिकाटणं, खाली पिशवी अडकवायच्या आकड्यासकट.
भिंगापुढची काळी काच.
सतरा हजार आठशे.
आणि कॅमेरा?
तोच.
पडदा दिसत नाही म्हणाला होतात.
ओढणी आहे.

शनिवारी सव्वासातची ओहोटी.
नाखव्याच्या बंडीला मांजर लावलं, करड्या रंगाचं.
त्याने दोन बोटांनी कुरवाळलं.
"यो काय उंदीर पकरतंय?"
वारा, म्हटलं.
"वारा पकरला त मना दे. शिराला लावीन."

हेडफोन चढवले. आवाज असा,
की त्याची तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात गेलेली कळली.
नाखवा, तेच सांगा, चिखलाची नावं.
"मागल्या टायमाला सांगला ना सगला?"
वाऱ्याने खाल्लं.
"मंग वाऱ्याला इचार."
आणि खाली बसून जाळ्याची गाठ सोडवू लागला.

मग मीच सुरू केलं, आठवेल तसं, मुद्दाम थोडं चुकत.
पहिल्या चुकीला तो गप्प राहिला.
दुसऱ्या चुकीला मान हलली.
तिसऱ्याला जाळं मांडीवरून खाली गेलं,
"आरं नाय, नाय, त्यो कवाच नाय, ज्यो पायाला चिकटतंय त्यो..."

तिकाटण्याचा एक पाय गाळात रुतत चालला होता.
चौकट हळूहळू कलंडत होती,
पलीकडचे मनोरे आधी, मग पाणी, मग तो.
मी सरळ केली नाही. हात लावला असता
तर तोही आवाज आला असता.