तपासणी

गलबतावर पिवळा बावटा चढला की माझा दिवस उघडतो.
पडावातून जातो, शिडी चढतो, नाखुद्याला म्हणतो, जीभ काढ.
मग काखा. मग जांघा.
तीस खलाशी ओळीनं हात वर करून उभे,
जसा मी दरोडाच घालायला आलोय.

गाठ नाही, ताप नाही, तरी दहा दिवस बेटावर.
तांदूळ काही नासत नाही, म्हणतो मी मोडक्या अरबीत.
नाखुदा रहमा म्हणतो, तांदूळ टिकेल, डॉक्टर.
व्याज थांबत नाही.

मी डॉक्टर नाही. हॉस्पिटल असिस्टंट.
पगार पंचावन्न रुपये, खारं पाणी फुकट.

उंदराच्या शेपटीला एक पैसा, असा हुकूम आहे.
मुबारक नावाचा पोरगा एकच शेपूट दोनदा विकून गेला.
दुसऱ्यांदा ओळखली मी ती, टोकाशी वाकडी होती.
पैसा दिला.

मनामाच्या मागच्या अंगाला झावळ्यांच्या झोपड्या.
ज्या घरात गाठ निघेल ते जाळायचं.
हेस्साचं जाळलं. नवरा मोत्यांच्या हंगामाला दर्यात.
ती रडली नाही. धूर वळेल तशी जागा बदलत राहिली.
मग विचारलं, तुझ्या मुलखातही असंच जाळतात?

नाही, म्हटलं. आमच्याकडे कौलं उतरवायचे.
घराला ऊन दाखवायचे.

पुढचं सांगितलं नाही.
रास्ता पेठ. गोरे शिपाई बुटांसकट देवघरात.
आईनं ताईला कणगीत बसवलं होतं, वर सूप झाकून.
मी दारात उभा, चौदा वर्षांचा,
घरात कुणी आजारी नाही, असं तीनदा म्हणालो.
त्यांनी ऐकलं.
दुसऱ्या रात्रीपर्यंत कणगी कण्हत होती.

म्हणून कुठल्याही घरात शिरलो की
आधी धान्य कुठे ठेवतात ते बघतो.
हेस्साकडे खजुराच्या पोत्यांमागे सापडली, सहा वर्षांची,
तोंडात आईच्या बुरख्याचं टोक कोंबलेलं.
एकशे चार. खरा आकडा लिहिला.
हेस्सानं माझ्या मनगटाला चावा घेतला. तो लिहिला नाही.

टपालबोट पंधरवड्यानं येते.
पत्रांना आरीनं भोकं पाडून गंधकाची धुरी द्यायची,
स्वतःच्या पत्रालाही.
आईनं शेजारच्या मास्तरांकडून लिहवून घेतलंय.
आंब्याला मोहोर बरा आहे. मावशीचा गुडघा.
आणि शेवटी, भोकाच्या अलीकडे पलीकडे,
तिकडची माणसं दार उघडतात का रे?

काय कळवू.

काल बाजारातून येताना विहिरीपाशी गाढवांची रांग,
पखाली भरताहेत, आणि त्या गर्दीत ती.
डोक्यावरचे केस झडलेले, मानेवर वण.
मला बघून आईच्या मागे लपली.
मग अर्धीच बाहेर आली
आणि लांबूनच, न सांगता,
चांगली हनुवटीपर्यंत जीभ काढली.

गुलाबी. ओली.
वही खोलीवर राहिली होती.