बसला का तुझा ऑक्सिजन

चार थर. खालचे दोन गोठवलेले,
वरचे दोन हलायला मोकळे.
प्लॅटिनमच्या पोटात मी निकेल भरलंय,
त्यानं वरची कातडी जराशी आवळते.
आणि तिच्यावर पंधरा अँगस्ट्रॉम नुसती पोकळी,
पलीकडे पुन्हा हाच धातू, पुन्हा हीच पोकळी,
डावीउजवीकडेही तेच.
एक अणू ठेवला की अगणित ठेवले जातात.

रेक्याविकमध्ये साडेतीनलाच अंधार पडलाय.
रांगेत माझ्यापुढे एकशे बारा गणितं,
तरी हाल्बेरा कॉफी आणते, म्हणते,
आज लागेल बघ तुझा नंबर.

तीन अणूंमधल्या खळग्यात ठेवून पाहिला,
दोघांमधल्या पुलावर,
एकाच्या नेमका डोक्यावर.
पुलावर ठरत नाही, घरंगळून खळग्यातच येतो.

याचं म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
घट्ट बसला तर पुढच्याला जागा नाही,
सैल बसला तर आलाच नाही म्हणायचा.
मला हवाय तो दारातच टेकणारा
आणि पाणी होऊन निघून जाणारा.

ऑक्टोबरात पंधरा दिवस वाया गेले.
त्याचा स्पिन चालू करायला विसरले होते.
दोन एकटे इलेक्ट्रॉन, एकाच दिशेला तोंड केलेले,
ते मी जोडीनं बसवले.
गणित मुकाट चाललं. आकडाही दिला,
कुणालाही पटेल असा.

शिवाय ही पद्धत ऑक्सिजनबद्दल थोडं खोटं बोलते,
सगळ्यांना ठाऊक आहे.
म्हणून त्याची किंमत त्याला विचारत नाहीत.
पाण्याला विचारतात,
हायड्रोजन वजा करतात,
उरेल ते त्याचं.
पहिल्यांदा कळलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं,
कुणाबद्दल, ते नाही सांगता येणार.

भावाचा फोन येतो, इसाफ्योर्दुरच्या धक्क्यावरून.
"बसला का तुझा ऑक्सिजन?"
वजा एक पूर्णांक शून्य सात, मी म्हणते,
अजून हवा तेवढा सैल नाही.
केतिल हसतो. मागे लोखंडावर तारेचा ब्रश,
खर्र, खर्र.
"इकडे ये. इथे न बोलावता बसतो,
आणि उठायचं नाव घेत नाही."

मग फोन तसाच खिशात टाकतो, बंद न करता.
मी ऐकत राहते.
पडद्यावर पायरी एकेचाळीस, बेचाळीस.
तिकडे बोटीच्या बुडावरून
माझा पाहुणा
लोखंडाचा तुकडा तोंडात धरूनच
खाली पडतोय.
त्रेचाळीस.