तिसऱ्या शनिवारची तालीम

होर्ता बंदरातले दिवे विझत आले की
रात्री दोनला मी आमचं इस्पितळ मारते.
खरं नाही. वरच्या मजल्यावर सलाइन थेंब थेंब चालूच असतं.
फक्त समुद्राखालच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला,
तेरसेइरा बेटावर, भाड्याच्या एका थंड खोलीत
आमचे अकरा सर्व्हर
देहाशिवाय जागे होतात.

ओतावियु तिथून फोनवर. तोंडात पाव.
"पहिला उठला," म्हणतो. "दुसरा... डोळे चोळतोय."
आधी घड्याळ आणि नावांची वही, मग डेटाबेस, मग रक्तपेढी.
क्रम चुकला तर सगळे एकमेकांना हाका मारत
अंधारात बसतात.
(एकदा चुकलाय. चाळीस मिनिटं. नोंदवहीत आहे.)

या बेटाला जमीन हललेली ठाऊक आहे.
पश्चिमेच्या टोकाला दीपगृह अजून उभं आहे,
कमरेपर्यंत राखेत.
माझे वडील सांगायचे, तेव्हा दुधातही राख यायची,
आणि ते दूध प्यायचेच.
त्यामुळे एवढा खर्च कशाला, असं इथं कुणी विचारत नाही.
विचारतात, चालतं का?
देव पाण्यात घालून ते कळत नाही.
उघडून बघावं लागतं.

आणि उघडलं की पंचाईत अशी
की जागं झालेल्याला आपण प्रत आहोत हे कळत नाही.
त्याला वाटतं, रात्रीचे सव्वाअकरा झालेत,
खाट सातला ताप आहे,
सकाळचे निरोप पाठवायचे राहिलेत.
म्हणून त्याच्याभोवती कुंपण. कडक सोवळं.
आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही.

कुंपण माझं. कारण दोना एर्मेलिंदा.

सहा वर्षांपूर्वी, मार्चमध्ये,
चाचणी सोपी जावी म्हणून फेब्रुवारीची जुनी प्रत घेतली
आणि एक दार उघडं राहिलं.
एकच. निरोपांचं. नऊ मिनिटं.
प्रतीनं इमानेइतबारे
दोनशे चौदा जणांच्या मोबाइलवर कळवलं:
सोमवार, साडेनऊ, हृदयविभाग, जुने कागद आणावेत.
तारीख छापायची तेव्हा पद्धत नव्हती.

बहुतेकांनी फोन करून शिव्या दिल्या. ते परवडलं.
सोमवारी साडेनऊला त्या आल्या.
निळा कोट, कॉलरला ताजी इस्त्री,
काखेत झेफेरीनुंचे कागद.
त्यांना जाऊन अठरा दिवस झाले होते.
खिडकीतल्या मुलीला म्हणाल्या,
"तो नाही, हे मला माहीत आहे हो.
पण तुम्ही बोलावलंत.
म्हटलं, तुम्हाला काही वेगळं कळलं असेल."

मला खाली बोलावलं.
काय सांगणार होते?
की पलीकडच्या बेटावर, एका खोलीत,
तुमचा नवरा नऊ मिनिटं हयात होता
आणि त्याला वेळही दिलेली होती?
म्हणाले, चूक झाली. माझी.
त्यांनी कागद माझ्याच हातात दिले.
"मग ठेवा हे. चढावर जड होतात."

ते माझ्या खणात आहेत. कुठे द्यायचे, कळलेलं नाही.

तीन वाजून सतरा मिनिटं. अकराही उठले.
रक्तपेढीनं गट बरोबर सांगितले,
औषधांचा हिशेब जुळला,
कुंपणाला नाक लावून एकशे नव्वद निरोप
ताटकळत उभे आहेत.
बाहेर शून्य.
मी शून्य दोनदा मोजते.

"पुसू?" ओतावियु विचारतो.
"पूस."
खाट सात, ताप, सकाळ, सगळं जातं.
वरची खरी खाट सात खोकते, कूस बदलते.

कुंपणाला नाव ओतावियुनं दिलं, मला न विचारता.
दर महिन्याला, बटण दाबण्याआधी,
यादीतली पहिली ओळ तो मोठ्यानं वाचतो:
"एर्मेलिंदा बंद?"
आणि मी उठून, हातानं चाचपून,
मगच हो म्हणते.