इतर

धंतोलीत, चौथ्या मजल्यावर
'आंतरराष्ट्रीय रुग्ण कक्ष' अशी सोनेरी पाटी आहे,
तिच्यामागे माझं टेबल.
परदेशी पेशंट घरी जाताना जे फॉर्म भरतात
ते मी कॉम्प्युटरात चढवते.
सातवा प्रश्न: पुन्हा याल का, आणि कशासाठी?
उत्तरं आधीच ठरलेली,
डॉक्टर, खर्च, स्वच्छता, जेवण, इतर.
बाण खाली ओढायचा, एक निवडायचं.

मे महिन्यात, शेहेचाळीस डिग्रीत,
पोर्ट सुदानहून हलीमाबाई आल्या नवऱ्याचे गुडघे घेऊन.
गुडघेच म्हणायचे,
बाकीचा माणूस त्यांच्या मागे मागे यायचा.
विमानतळाबाहेर पाऊल ठेवलं आणि हसल्या.
दुभाष्या म्हणाला, त्या म्हणतात
ऊन तर घरचंच आहे.

खुर्ची ढकलायला हेमराज नंदेश्वर,
ठेकेदाराचा माणूस.
निळा शर्ट, खिशावर आमचं नाव नाही.
त्यानं दुभाष्याकडून एकच शब्द मागून घेतला, श्वैया.
म्हणजे हळू.
तळहातावर बॉलपेननं लिहिला, देवनागरीत.
हात धुतले की परत लिहायचा.
लिफ्टच्या फटीवरून चाक उचलताना, श्वैया.
एक्स-रेच्या वळणावर, श्वैया.
ऑपरेशननंतर इद्रिसबुवा पहिलं पाऊल टाकेनात,
खोलीतले सगळे इंग्रजीत धीर देत होते.
हा दाराशी उभा.
म्हणाला, श्वैया जी.
तो 'जी' आपला नागपूरचा.
पाऊल पडलं.

जुलैत आम्हाला प्रेरणा दिली.
तळघरातल्या सभागृहात, पुण्याहून आलेल्या सरांनी.
'प्रेरित कर्मचारी, हीच आपली आघाडी'
असं पडद्यावर आलं, मग समोसे आले,
मग फुगे फुगवून त्यावर स्वप्न लिहायचं होतं.
मी 'स्वतःचा फ्लॅट' लिहिलं. फुगा लहान पडला.

हेमराज यादीत नव्हता,
जादा खुर्च्या घेऊन आला होता.
सरांनी त्यालाच माईक दिला:
सकाळी उठून इथं यावंसं का वाटतं तुम्हाला?
तो माईककडे पाहत राहिला.
'सर, तीन नंबरच्या व्हीलचेअरचं चाक कुरकुर करते.
रात्री पेशंट दचकून राहिले.
मी घरून खोबऱ्याचं तेल आणून टाकून राहिलो,
पण ते दोन दिवसांत चिकट होते.
मशीनचं भेटलं तर पाहा ना.'
सगळे हसले. सरही हसले, माणूस वाईट नव्हता.
फळ्यावर त्यांनी 'आपलेपणा' लिहिलं
आणि खाली दोन रेघा मारल्या.
तेल काही आलं नाही.

वर्षअखेरीच्या बैठकीत गोल तक्ता होता.
परदेशी रुग्ण दुपटीनं वाढलेले,
निळी फाक डॉक्टरांची, हिरवी खर्चाची.
संचालकांनी बोट ठेवलं:
ही करडी कशाची?

मला माहीत होतं.
हलीमाबाईंचं उत्तर दुभाष्यानं समासात लिहिलं होतं:
'आलो ते स्वस्त म्हणून.
बहिणीला पाठवीन ते हातावर लिहिणाऱ्या माणसासाठी.'
मी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिली होती.

किरकोळ आहे, सर, मी म्हटलं.
पुढचा पडदा आला.

बहीण आली, फेब्रुवारीत.
रिसेप्शनवर तिनं मोबाइलमधला फोटो दाखवला,
एक तळहात, निळी अक्षरं, थोडी घामानं पसरलेली.
ठेका जानेवारीतच बदलला होता.
कोणी म्हणे हेमराज कळमन्याला संत्र्यांच्या पेट्या उतरवतो,
कोणी म्हणे बुटीबोरीला.
आम्ही तिला डॉक्टरांचे फोटो दाखवले,
नवीन मेनूकार्ड दाखवलं.
तिनं मान डोलावली आणि लिफ्टकडे पाहत बसली.

इतवारीत शिलाई मशीनच्या दुकानात
तेलाची बाटली मिळते, बोटाएवढी.
शनिवारी ड्यूटी संपल्यावर
तीन नंबरची खुर्ची मी भिंतीशी उलटी केली.
चाकाच्या आसात केस गुंतलेले, एक कानातलं,
खोबऱ्याच्या तेलाचा जुना, पिवळा थर.
तो खरवडायला वेळ लागला.

पावती मी लावली नाही.