चावीवाला

पहाटे साडेपाचला निघतो.
खांद्यावर हातोडा, पिशवीत लाल झेंडी,
डब्यात कळण्याची भाकर नि ठेचा,
आणि दुसखेड्याकडून तापीच्या पुलापर्यंत
सहा किलोमीटर रूळ, माझ्या नावावर.

काम सोपं आहे.
रूळ धरून ठेवणारी लोखंडी क्लिप असते,
जुन्या सवयीनं आम्ही तिला चावीच म्हणतो.
गाडी गेली की ती केसभर सरकते.
दिसत नाही. ऐकावं लागतं.
घट्ट असेल तर टण् वाजते,
सैल झाली की थप्प,
कच्च्या मडक्यासारखी.
मग थांबायचं, वाकायचं, ठोकायची आत.
काल हीच ठोकली होती.

बोदवडचा एक पोरगा आलाय नवीन, आयटीआय झालेला.
म्हणतो, काका, एकदाच वेल्डिंग मारून टाकली तर?
मी म्हटलं, रूळ उन्हात वाढतो रे, थंडीत आखडतो,
त्याला पार जखडलंस
तर मे महिन्यात दुपारी दोनला
साप होऊन बाहेर येईल.

हे त्याला रुळाबद्दलच सांगितलं.

अकरा वर्षं चार महिने झाले.
लोक विचारतात, सपकाळे, सुटली ना एकदाची?
ते 'एकदाची' ऐकलं
की माझा हात आपोआप खांद्याकडे जातो,
हातोडा आहे ना, बघायला.

इंदू अजून
मी दारात शिरलो की अगदी तोंडाशी येऊन विचारते,
जेवता का?
एवढं जवळ यायची गरज नसते.
मीही मुद्दाम लांबवून म्हणतो, हो.
पाच-सहा वर्षं राग यायचा मला.
मग आठवायची गव्हाची कोठी,
तिच्या तळाशी पोरीच्या फीचे पैसे,
आणि कोपरापर्यंत आत गेलेला माझा हात.
चालू दे तिलाही तिची बीट.

दुःखात मी सावध असतो.
बाप गेला तेव्हा स्मशानात पाणीसुद्धा मागितलं नाही.
सैल होतो ते डिसेंबरात,
मळ्यात पऱ्हाट्या पेटतात,
वांगी भाजतात, साल तडकते,
सगळे हसत असतात
आणि कुणीतरी माझ्या शेजारी पेला ठेवून
मीठ आणायला जातो.
नुसता ठेवून जातो. विसरून.
गेल्या वर्षी मी उठलो,
भरीत न खाता चालत फेकरीपर्यंत आलो,
वाटेत केळीच्या पानांशी मोठमोठ्यानं बोलत.

गफूर तडवीनं मला पहिल्यांदा मीटिंगला नेलं.
मंगळवारी, नगरपालिकेच्या शाळेत,
तिसरीच्या वर्गात, जिथं फळ्यावर
सतराचा पाढा अर्धाच लिहिलेला असायचा.
त्याची तेव्हा आठ वर्षं झालेली. मला डोंगर वाटायचा.
यंदा एकोणीस.
पोरीचं लग्न लागलं, पाठवणी झाली,
मंडपवाला पैसे मोजत होता,
आणि गफूर, ट्रकच्या मागे, एकच.
असं म्हणे.

तीन महिने आला नाही.
मग आला. मागच्या बाकावर बसला,
गुडघे मावेनात.
त्याची पाळी आली तेव्हा म्हणाला,
"आज माहा पह्यला दिवस हाय."
पंख्याचा आवाज तेवढा.
मी चहा दिला. कप बशीवर वाजत होता,
टण् नाही, थप्प नाही, तिसराच काही.
खाली माझा तळहात धरला मी
आणि तो पीत होता तोवर
मला डोंगर दिसेना,
शेजारच्या बीटवरचा माणूस दिसला
आणि भीती वाटली, माझीच.

संध्याकाळी गँगच्या खोलीत रजिस्टर भरतो.
बीट पाहिली. सर्व ठीक.
खाली सही, पुढं तारीख.
एकदा घाईत तारीख राहिली होती
तर म्हाताऱ्या मुकादमानं सायकलवरून परत बोलावलं,
म्हणाला, ठीक म्हणजे कधीचं ठीक?
लिही.