पोकळ ठिपका

आई, रांग्नफ्रिड, बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती.
वर क्ष वजा एक, खाली क्ष वजा एक.
पोरं खूश होऊन दोन्ही तिरप्या रेघेनं उडवायची
आणि पेन खाली ठेवायची.
आई खडू फळ्याला टेकवून तशीच उभी.
"उडवलंत, ठीक. आता उडवलेल्याची जागा लिहा.
क्ष इथे एक असू शकत नाही.
रेघ सलग दिसते, पण एकावर तिला भोक आहे."
आणि तिथे मोहरीएवढा पोकळ ठिपका काढायची.
त्या ठिपक्याचा एक गुण
माझा दरवर्षी जायचा.

भाऊ आइलिफ बोटींच्या केबिनमधला आवाज मारतो.
"मारतो" म्हटलेलं त्याला खपत नाही.
इंजिनाची घरघर माइकनं ऐकायची,
तीच उलटी करून स्पीकरमधून सोडायची,
शिखरावर दरी, दरीवर शिखर,
उशीपाशी सामसूम.
"आणि दाराशी?"
"दाराशी कधीकधी दुप्पट," तो कॉफी ढवळत म्हणाला.
"आवाज कुठे जात नाही गं.
दोघं जण राबत असतात, म्हणून तुला झोप लागते."

मी हॉटेलांची रद्द झालेली आरक्षणं मोजते.
ट्रॉम्सोतली नऊ हॉटेलं, अकरा हिवाळे.
ढग आले की लोक उत्तरप्रकाश बघायची खोली सोडतात,
हे सिद्ध करायला मला चार वर्षं लागली
आणि विद्यापीठाचे बरेच पैसे.
नावं काढून टाकलेली, नावांच्या जागी आकडे.
*रद्द करणं फुकट असेल
तर माणूस जास्त स्वप्नं राखून ठेवतो*,
असं एक वाक्य मी लिहिलं होतं.
प्राध्यापक क्वालविकनी ते खोडलं. समासात: पुरावा?

मग ग्राहक २०८१७.
दर ऑक्टोबरात एक खोली, दोन माणसं, एक रात्र,
तारीख एकवीस जानेवारी,
दोन महिन्यांनी सूर्य डोंगरावर डोकावतो तो दिवस.
आणि दर वीस जानेवारीला
संध्याकाळी पाच पन्नासला रद्द.
फुकटची मुदत सहाला संपते.
आठ वर्षं, ढग असो नसो.
नवव्या वर्षी रद्द झालीच नाही.
कुणी आलंही नाही.
पैसे कापले गेले, हिशेब फिटंफाट.
त्यानंतर २०८१७ कुठेच नाही.

"अपवाद आहे, काढून टाका," क्वालविक म्हणाले,
"सरासरीला काही फरक पडत नाही."
खरंच पडत नव्हता. मी काढून बघितलं.
परत घातलं.

यंदा सूर्याच्या दिवशी आईकडे गेले.
तिनं जॅमचे गोळे आणले होते, सगळं गाव आणतं तसे,
बाबांच्या खुर्चीवर तिची लोकर.
बाबा बोटीवर इंजिनाशी असायचे,
एकवीस जानेवारीला ते घरी असल्याचं
मला आठवत नाही.
आईला मी २०८१७ ची गोष्ट सांगितली,
गंमत म्हणून. आकडे तिला आवडतात.
पाच पन्नास, आठ वेळा, मग नववं वर्ष.
ती बोटाला लागलेला जॅम बघत राहिली.
खालच्या रस्त्यावर मुलं
अजून न आलेल्या सूर्यासाठी ओरडत होती.

"खोली पुलाकडची होती का?" तिनं विचारलं.

खिडकीचं मी काही बोललेच नव्हते.
माझ्या तक्त्यात खिडकीचा रकानाच नाही.

"असेल," मी म्हटलं.
"बरं," ती म्हणाली. "बाकी काय?"
आणि दुसरा गोळा माझ्या बशीत ठेवला.

रात्री घरी आलेखाची रेघ पुन्हा काढली,
सलग, क्वालविकना हवी तशी.
नवव्या हिवाळ्यावर थांबले.
तिथे एक ठिपका काढला
आणि आत रंग भरला नाही.